थावरूभाऊंची तांब्याची पन्नी

थावरूभाऊंच्या हातात कोणतीही पातळ वस्तू आली की ते ती आधी दुमडून बघत. एस.टी.चं तिकीट, पिंपळाचं पान, गोळ्यांचं चंदेरी पाकीट, लग्नपत्रिका. एकाच रेघेवर पुढे, मग मागे, पुन्हा पुढे. ओठ किंचित हलत राहत. वस्तू तुटली की आकडा बोलून दाखवत, "बावीस." तो आकडा कुणाला उद्देशून असे असं नाही.

उमरखेडच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी माझा अर्ज प्राचार्यांकडे त्यांनीच नेला. सहीची प्रत परत आणून देताना म्हणाले, "कागद चांगला हाये तुमचा, मॅडम. चाळीसच्या वर जाईन." मी यवतमाळच्या कोर्टातल्या कारकुनाची मुलगी. कागद चांगला की वाईट ते त्यावर काय लिहिलंय यावरून ठरतं, अशा घरात वाढलेली. मी काही बोलले नाही. मी तशीही कमीच बोलते. प्रत फाइलला लावताना तिच्या कोपऱ्यावर एक बारीक, स्वच्छ घडी दिसली.

थावरू आडे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. तेव्हा वय पंचेचाळीसच्या आसपास. उंच, जरासे वाकलेले, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर आम्लाचे जुने पिवळट डाग. त्यांचा बंजारा तांडा ढाणकीच्या पलीकडे. घरची चार एकर कोरडवाहू जमीन धाकटा भाऊ भिकू करायचा. थावरूभाऊ नववीपर्यंत शिकलेले. पण बाटलीवरची इंग्रजी नावं त्यांना आकारावरून ओळखता येत, आणि कोणत्या बाटलीचं बूच किती घट्ट आहे हे त्यांच्याइतकं आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

पन्नीची गोष्ट एका मुलाच्या निष्काळजीपणातून सुरू झाली. मोरचुदाच्या द्रावणातून वीज सोडायची आणि एका तांब्याच्या पट्टीवरचं तांबं दुसऱ्या पट्टीवर जाऊन बसतं ते दाखवायचं, हा आमचा दरवर्षीचा प्रयोग. त्या वर्षी एका मुलाने दुसऱ्या बाजूला तांब्याच्या पट्टीऐवजी स्टीलचा चमचा लटकवला आणि तो तसाच सोडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी थावरूभाऊ तो चमचा घेऊन माझ्या टेबलाशी आले. चमच्यावर गुलाबीसर तांबं चढलं होतं. त्यांनी नखाने त्याची कड उचलली आणि सगळा थर सालासारखा सुटून आला, चमच्याच्याच आकाराचा.

"मॅडम, हे सुटून काहून येऊन राह्यलं?"

मी सांगितलं की स्टीलच्या अंगावर न दिसणारी एक पातळ साय असते, तांबं तिच्यावर बसतं पण तिला धरत नाही.

"म्हंजे पाहुन्यावानी," ते म्हणाले. "येते, बसते, पन घर नाई करत."

मग त्यांनी तो थर दुमडला. दुसऱ्याच घडीला तो कडकन मोडला. त्यांना ते आवडलं नाही. तांब्याची तार कितीही वाकवा, लवकर तुटत नाही हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. "तांबं तेच हाये ना, मॅडम? मंग पान्यातून आलं तं पापडावानी मोडते काहून?"

 संध्याकाळी मी खोलीवर पुस्तकं काढून बसले. पुस्तकांत होतं ते असं: पाण्यातून बाहेर येणारं तांबं कणाकणाने रचलं जातं, आणि ते कण कसे रचले जातात यावर सगळं अवलंबून असतं. वीज जोरात सोडली की कण मोठे, ओबडधोबड होतात आणि एकमेकांना धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी हे त्यांना सांगितलं, तेव्हा ते जीवशास्त्राच्या खोलीतून सूक्ष्मदर्शक मागून घेऊन आले. मोडलेली कड त्याखाली ठेवून बराच वेळ पाहत राहिले. "ज्वारीचा ढीग हाये हा," म्हणाले. "याले मैदा करा लागन."

पुढची दोन वर्षं त्यांनी मैदा करण्यात घालवली. कॉलेज सुटल्यानंतरचे दोन तास आणि रविवार. मागच्या सामानाच्या खोलीत त्यांनी एक यंत्र उभं केलं. स्टीलचा एक गोल डबा, राख आणि पॉलिश लावून आरशासारखा घासलेला, तो आडवा टांगलेला आणि अर्धा मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडालेला. एका मोडक्या टेबलफॅनची मान फिरवणारा गिअर काढून तीनदा लहान चाकावरून मोठ्या चाकावर त्याची गती इतकी उतरवली होती की डबा तासाला एक फेरा घेई. बुडालेल्या भागावर तांबं चढे, वर आलेल्या भागावरून सुटं होई, आणि ते लाकडाच्या एका दांड्यावर गुंडाळलं जाई. समोर बसून पाहिलं तर काहीच हलताना दिसत नसे. जरा पुस्तक वाचून मान वर करावी, तर वितभर पन्नी बाहेर आलेली असे. आपण ज्याला पातळ पत्रा म्हणतो त्याला थावरूभाऊ पन्नी म्हणत, आणि हळूहळू मीही पन्नीच म्हणू लागले.

वीज अशी, की दिवसातून आठ-आठ तास जायची. मध्येच प्रवाह तुटला की पन्नीत एक रेघ पडे आणि नंतर ती नेमकी तिथेच फाटे. म्हणून ते ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काम करत. बॅटरीच्या सहा घरांपैकी एकाच घरातली वीज घेत, तीही भौतिकशास्त्राच्या रोधकातून आणखी कमी करून. "घाई केली का तांबं रुसते," ते म्हणत. "त्याले बसाले येळ द्या. सावकाश मांडी घालून बसू द्या." गळणारा गाळ पन्नीवर बसू नये म्हणून दुसऱ्या टोकाच्या जुन्या तांब्याच्या तारा ते कापडी पिशवीत घालून बुडवत. ती पिशवी त्यांच्या बायकोने, राधाबाईंनी, शिवून दिली होती. सुताराकडचा सरस पाण्यात टाकला की पन्नी गुळगुळीत येते, हे पुस्तकात मला सापडलं. हरभऱ्याएवढा टाकायचा की तुरीच्या दाण्याएवढा, हे त्यांनी शोधलं. तुरीच्या दाण्याएवढा.

त्यांची शोधण्याची पद्धत मी त्यांच्याकडून शिकले, पुस्तकातून नाही. पन्नी बिघडली की मी म्हणे, सरस बदलू, वीज कमी करू, बघू काय होतं. ते मान हलवत. "एका टायमाले एकालेच इचारा, मॅडम. दोघाईले संगमंग इचारलं का दोघंबी खोटं बोलते." हे त्यांना कुठून सुचलं मला माहीत नाही. कदाचित तांड्यातल्या भांडणांचा निवाडा त्यांनी लहानपणापासून पाहिला होता.

बोंडअळीने सलग तीन हंगाम खाल्ले, ती कापसाची वाईट वर्षं होती. स्टाफरूममध्ये दुसरा विषय नसायचा. थावरूभाऊ त्यावर फारसं बोलत नसत. एक दिवस मात्र भिकूभाऊंच्या विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर घेऊनच ते कॉलेजात आले. त्यांनी आतली एक पट्टी दाखवली. दांडा वर-खाली झाला की ही पट्टी दरवेळी वाकते. पातळ तांब्याच्या दहा-बारा पन्न्या एकावर एक ठेवून ती बनवतात. ती तुटली होती. "दर सालात दोनदा तुटते. सगळ्याईचीच तुटते. आपली पन्नी इथं चालन का नाई?"

स्टार्टरचे सुटे भाग उमरखेडच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात नागपूरचे एक शेठ आणून देत. गोल चेहऱ्याचे, सतत घाम पुसणारे गृहस्थ. थावरूभाऊंनी त्यांना दुकानात गाठलं आणि पन्नीचा तुकडा हातात दिला. शेठजींनी तो उलटसुलट करून पाहिला. माझ्यासमोरच म्हणाले, "अरे वा, एक पत्रा तो कोई भी बना लेगा. तीन आणा, तीनही एकसारखे. एकाच जागी शंभरदा वाकवीन. तडा नाही गेला, तर दर महिन्याला घेतो. तुमच्या इथंच मशीन लावा."

त्या दिवसापासून पन्नी हा नुसता छंद राहिला नाही. भिकूभाऊंनी ठरवलं होतं की या दिवाळीनंतर बायको आणि दोन मुलांना घेऊन ऊसतोडीला पश्चिमेकडे जायचं. तांड्यातली अर्धी घरं जातच होती. मुकादमाचा ट्रक दिवाळीनंतर आठवड्याने येणार होता. थावरूभाऊंनी भावाला थांबवलं. "शेठ हो म्हनला का मशीन तुह्याच घरी लावतो. म्या दाखवतो, तू फिरव. पोराईची शाळा राहीन." भिकूभाऊ कमी हसणारे. ते म्हणाले, "पन्नीवर चार मानसं जगत असते का दादा?" तरी त्यांनी मुकादमाला होकार कळवायचं लांबवलं.

दसऱ्याच्या सुमारास पन्नी जमली. आम्ही दोघांनी आलटून पालटून वाकवली. एकशे त्रेसष्ट घड्या. थावरूभाऊंनी आकडा मोठ्याने सांगितला नाही. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिला आणि खाली दोनदा रेघ ओढली. सूक्ष्मदर्शकातून पाहून म्हणाले, "हं. आता मैदा झाला."

शेठजी भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी येणार होते, आणि तांबं काळवंडू नये म्हणून तीनही पन्न्या आदल्या दिवशी ताज्या काढायच्या होत्या. थावरूभाऊ दिवाळीला तांड्यावर गेले. तिथे अमावस्येच्या संध्याकाळी मुली हातात दिवा घेऊन घरोघर मेरा, म्हणजे ओवाळणी, मागायला जातात, आणि घरातला मोठा माणूस जागेवर नसेल तर ते शोभत नाही. मला यवतमाळला जायला दोन दिवस होते. मी प्रयोगशाळा आवरायला घेतली. दिवाळीत आम्ही दरवर्षीच आवरतो. सामानाच्या खोलीतल्या टाकीत दोन वर्षांचं जुनं द्रावण होतं, हिरवट, गढूळ, तळाला काळा गाळ. पाहुणे येणार, आणि एवढ्या महत्त्वाच्या पन्न्या या घाणीतून काढायच्या, हे मला पाहवलं नाही. मी ते सगळं द्रावण शोषखड्ड्यात ओतलं. टाकी घासली. कपाटातली मोरचुदाची सर्वांत शुद्ध बाटली फोडली. विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेलं ऊर्ध्वपातित पाणी, वाफ करून थंड केलेलं, ज्यात काही म्हणजे काही नसतं असं, ते घातलं. सरसाचं नवीन पाकीट आणून ठेवलं. टाकीतलं पाणी इतकं निळं आणि नितळ दिसत होतं की मी थोडा वेळ ते पाहत उभी राहिले.

थावरूभाऊ परत आले तेव्हा मीही आदल्या रात्रीच्या गाडीने परतले होते. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "बरं केलं, मॅडम. सोयरे येनार तं घर सारवाच लागते."

पहिली पन्नी निघाली ती आरशासारखी. कडेची पट्टी कापून त्यांनी वाकवली. एकतीसला मोडली.

त्यांनी पुन्हा वाकवली, दुसरी पट्टी. सत्तावीस.

हातात एक दिवस आणि एक सकाळ होती. सरस वाढवला, कमी केला. वीज उतरवली. पाणी कोमट केलं. एका वेळी एकालाच विचारण्याइतकी सवड नव्हती, म्हणून आम्ही सगळ्यांना एकदम विचारत होतो. मी पुस्तकं उलटत होते. जास्तीत जास्त आकडा आला तो चाळीस. जुन्या द्रावणाचा एक थेंब कुठे शिल्लक नव्हता. मी काम नीट करते.

शेठजी यायच्या दिवशी भिकूभाऊही कॉलेजात आले होते. धुतलेला सदरा, डोक्याला पागोटं. व्हरांड्यात खांबाला टेकून बसले होते. शेठजींनी आमच्यासमोर तीनही पन्न्या वाकवल्या. वाईट बोलले नाहीत. घाम पुसून म्हणाले, "चमक तो बढिया है. पण राठोड..." "आडे," मी म्हणाले. "हां, आडे. पण कामाचं नाही हे." आणि चहा न घेता गेले.

थावरूभाऊ व्हरांड्यात गेले. मी दारात उभी राहिले. दोघं भाऊ आपल्या बोलीत बोलू लागले. आवाज चढला नाही. थावरूभाऊच बोलत होते, जमिनीकडे पाहून. भिकूभाऊंनी एकदा मान वर करून भावाकडे पाहिलं आणि मग मान वळवली ती वळवलीच. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतले नात्यांचे दोन-चार शब्द सोडले तर मला काही कळत नव्हतं. मला एवढंच दिसलं की भिकूभाऊ उठले, मला हात जोडले आणि फाटकाकडे चालू लागले. दोन दिवसांनी ट्रक आला. दोन मुलं टपावरच्या चाऱ्याच्या पेंढ्यांवर बसून गेली, असं राधाबाई सांगत होत्या.

यानंतर दुसऱ्या कुणी डबा काढून अडगळीत टाकला असता. थावरूभाऊंनी आठवडाभर त्याला हात लावला नाही, आणि मग एका सोमवारी वही घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, आपन तीन गोष्टी बदलल्या. मोरचूद, सरस, पानी. एकेकाले बोलावू."

आधी जुना मोरचूद परत आणला, बाकी तेच. अडतीस. मग जुना सरस. तीस. एकेका उत्तराला आठवडा लागे, कारण प्रत्येक वेळी टाकी नवी भरायची. मग पाणी उरलं. दोन वर्षं ते प्रयोगशाळेच्या मागच्या बोअरचं पाणी वापरत होते, धोतराच्या फडक्यातून गाळून. विद्यार्थ्यांचं चांगलं पाणी आपल्या खेळाला कशाला, म्हणून. ते पाणी इतकं मचूळ, की कुणी त्याचा चहाही करत नसे. मी म्हणाले, पाण्याने काय होणार? शुद्ध पाण्याने चांगलंच होईल. ते म्हणाले, "इचारून तं पाहू."

बोअरच्या पाण्यातली पन्नी एकशे अठ्ठेचाळीस घड्या टिकली.

 मी उठून बोअरच्या पाण्यात चांदीच्या क्षाराचे दोन थेंब टाकले. पाणी दह्यासारखं पांढरं झालं. ऊर्ध्वपातित पाण्यात टाकले. ते तसंच नितळ राहिलं. बोअरच्या पाण्यात मीठ होतं. अगदी थोडं, पण तांब्याचे कण बारीक बसवायला सरसाच्या जोडीला तेवढंच लागत होतं. खात्री करायला थावरूभाऊंनी माझ्या शुद्ध पाण्यात घरच्या मिठाची चिमूट टाकली, आणि दीड तासाने निघालेली पन्नी एकशे पन्नासच्या पुढे गेली. मोजणं आम्ही तिथे सोडून दिलं.

ते खूप वेळ हसले. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आमचे बापजादे बैलावर मीठच वाहत होते, मॅडम. समुद्रापासून इथवर. अन् मले मीठ वळखू आलं नाई."

मला हसता आलं नाही. बोअर सामानाच्या खोलीपासून पंधरा पावलांवर होती. त्या दिवशी एक बादली आणली असती तर झालं असतं. मी म्हणाले, "थावरूभाऊ, ते द्रावण मी ओतलं. चूक माझी आहे."

त्यांनी डोळे पुसले. "जाऊ द्या. भिक्याले नका सांगू मात्र. त्याले वाटन, चिमूटभर मिठासाठी म्या इथं उसात कमरेतून वाकून राह्यलो."

शेठजींना मी एस.टी.डी. बूथवरून फोन केला. ते म्हणाले, आता माल दुसरीकडून येतो, जमलं तर पुढं कधी बघू. ते पुढं कधी झालं नाही. थावरूभाऊ निवृत्त होईपर्यंत दरवर्षी नव्या मुलांना डबा फिरवून दाखवत. मुलांना पन्नी वाकवायला देत, आणि मग विचारत, "आता सांगा, यात काय टाकलं असन?" मुलं मोठमोठी नावं सांगत. कुणाला कधी मीठ सुचलं नाही, आणि ते ओळखायला ते कुणाला घाई करत नसत. आम्ही या कामावर काहीतरी लिहावं असं मला वाटे. ते म्हणत, "लिहा ना. पन त्यात चुकल्या पन्न्याबी लिहा. चांगल्या पन्नीतून मानसाले काई समजत नाई."

गेल्या पौषात ते गेले. छातीत दुखलं, ढाणकीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला कळलं तेव्हा तिसरा दिवस उलटला होता. मी एस.टी.ने गेले, पुढे तांड्यापर्यंत चालत. राधाबाई आत होत्या. बाहेर ओट्यावर भिकूभाऊ होते, पागोटं काढून ठेवलेलं, केस सगळे पिकलेले. मला ओळखून त्यांनी बाज पुढे ओढली.

आम्ही थावरूभाऊंबद्दल बोललो. माणसं अशा वेळी बोलतात तसंच, थोडं दुखण्याबद्दल, थोडं स्वभावाबद्दल. मग भिकूभाऊ म्हणाले, "म्या दोन सालं त्याच्यासंग बोललो नाई, मॅडम. घराले घर लागून."

"का?"

"पन्नीपायी. त्या दिवशी तुमच्या कालेजात सांगतलं त्यानं मले. म्हने, जुनं पानी म्याच फेकलं. पाहुने येनार म्हून हुशारी केली, अन् तुह्यं काम म्या बुडोलं." त्यांनी काढून ठेवलेलं पागोटं मांडीवर घेतलं. "म्या इचार केला, सख्खा भाऊ, दोन सालं जपलेलं पानी असं कसं फेकते? ट्रकमधी बसलो तं मनात तेच. ऊसातबी तेच. वापस आलो तं इहिरीवरची मोटर चालू. आतमधी नवी पट्टी, त्याच्याच पन्नीची. अजून तुटली नाई. कोनं टाकली ते म्या समजलो, पन इचारलं नाई. मंग याडी, आमची माय, मेली तवा बोललो."

समोर शेळी बांधलेली होती. ती दोरीला ताण देऊन उभी होती. मी म्हणाले, "भिकूभाऊ, ते पाणी थावरूभाऊंनी फेकलं नव्हतं. ते तांड्यावर होते. मी फेकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. थावरूभाऊ मोडलेल्या कडेकडे पाहत तसंच काहीसं ते पाहणं होतं, न समजलेल्या गोष्टीकडे पाहण्याचं.

"अन् तुमी काहून नाई बोलल्या?"

"त्यांनी नको म्हटलं होतं. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

"ते कवा?"

"नंतर. मिठाचं कळलं तेव्हा."

"ते मंगचं," भिकूभाऊ म्हणाले. "म्या त्या दिवसाचं इचारून राह्यलो. तुमी दारातच होत्या."

आतून राधाबाईंनी चहा पाठवला. आम्ही दोघांनी तो घेतला. परतीची गाडी पाचची होती. ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले, आणि गाडी येईपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले. मला वाटतं, ते उत्तराची वाट पाहत होते.